टेलरला सांगायची तारीख

लातूरच्या गंजगोलाईमागे एक टेलर होता. तो टाचण्या दातात धरूनच बोलायचा. माझं लग्न रविवारी होतं. पण आमच्याकडे टेलरला खरी तारीख कुणी सांगत नाही, म्हणून मी आधीचा बुधवार सांगितला.

माप घेता घेता त्यानं विचारलं, "खरं लग्न कधी हाय?"

"बुधवारीच."

"बुधवारी मुहूर्तच न्हाई, साहेब. सगळेच खोटी तारीख सांगायलेत, म्हणून तर मी लई निवांत हाय."

सूट शनिवारी संध्याकाळी मिळाला, इस्त्रीची धग अजून अंगात असलेला.

परवा ऑफिसात साहेबांनी टेबल आपटलं. रिपोर्ट शुक्रवारी पाहिजे म्हणजे पाहिजेच. साहेबही त्याच टेलरचं जुनं गिऱ्हाईक. मी विचारलं, "सर, खरं लग्न कधी आहे?"

साहेबांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "पुढच्या बुधवारी."