मेमरी कार्डं आणि आमचे नाना

जळगावातल्या आमच्या दुकानात जुने प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर दुरुस्तीला येतात. सोबत मालक येतो आणि मालकासोबत किस्सा! मालक म्हणजे बहुतेक निवृत्त सर्वेअर. त्यांचे मोजणीचे प्रोग्राम कॅल्क्युलेटरमध्ये खोचायच्या मेमरी कार्डात असतात. दुकान माझ्या काकांचं, म्हणजे नानांचं. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर, तरी ग्राहकाच्या कार्डाला हात लावायची मला बंदी. "तू फक्त बघ!"

वरणगावचे एक भाऊ कार्ड फ्रिजमध्ये ठेवायचे. दमटपणाने पार गंजलं. म्हणाले, "ताई, मेथी ताजी राहते, मग प्रोग्राम का नाही राहणार?"

चोपड्याच्या एका सर्वेअरचं कार्ड दसऱ्यानंतर लागेचना. नानांनी दुरूनच निकाल दिला, "गेलं!" मी टॉर्च मारला. कॅल्क्युलेटरच्या खाचेत हळद, कुंकू आणि दोन अक्षता! बंदी कार्डाला होती, खाचेला नव्हती. ब्रश फिरवला, चालू!

नानांनी हात जोडले, "देव पावला."

"नाना, पूजेनंच बंद पडलं होतं!"

नानांचा एकच नियम: आधी बंद, मग उघड. पंख्याला ठीक आहे हो! पण या कार्डात छोटा सेल असतो. तो बदलताना कार्ड आत आणि कॅल्क्युलेटर चालू हवा, नाहीतर सगळं पुसलं जातं. यावलच्या एकांचे प्रोग्राम नानांनी असेच नियमानं घालवले. वर म्हणाले, "जुनेच तर होते."

मग धुळ्याचे आबा आले. सेल संपत आलेला. "तीस वरीसना प्रोग्राम शेतस. कागदवर काहीच नही."

नानांचं बोट बंद करायच्या बटणाकडे निघालं. मी कॅल्क्युलेटर ओढूनच घेतला.

"पोरी, शॉक बसेल!"

"एवढ्याशा सेलचा? नाना, मी पुस्तिका वाचलीय. तुम्ही वाचलीय?"

आबा म्हणाले, "नाना, तुम्ही बसा. पोरीले करू द्या."

"आबा, हा आपोआप बंद होतो. मधूनमधून बटण दाबत राहा."

आबा दाबत राहिले. मी नखानं सेल सरकवला, नवा बसवला. नानांनी डोळे गच्च मिटलेले. यादी उघडली. एकूण एक प्रोग्राम जागेवर!

नानांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

आबांनी ते कार्ड रुमालात बांधलं आणि आतल्या खिशातून हळूच दुसरं काढलं.

"ते मना व्याहीनं व्हतं. आते हाई मनं कार्ड ले."