घर बंद

आरोग्याच्या सर्वेक्षणात खरवईचा भाग आमच्याकडे होता. मी सुपरवायझर, आणि माझ्या हाताखालची माणसं घरोघर फिरून फॉर्म भरायची. त्यांत एक बाई होत्या. प्रश्न विचारला की पेनाला टोपण लावून गप्प उभ्या राहायच्या. समोरचा आधी "सगळं छान आहे" म्हणायचा. बाई हलायच्या नाहीत. मग तो खरं बोलायचा.

एका फ्लॅटला दोनदा कुलूप मिळालं. मी म्हटलं, "'घर बंद' लिहा आणि शेजारचं घर घ्या. नियमात बसतं."

"शेजारचं दुखणं वेगळं असतं, सर."

तिसऱ्या खेपेला मी वैतागून सोबत गेलो. कुलूप तसंच होतं. मी जिना उतरायला लागलो, तर बाई पॅसेजमधल्या खिडकीशी जाऊन हाका मारत होत्या, "कोणी आहे का घरात?"

आतून खोकला ऐकू आला. मग थकलेला आवाज, "आहे ना. मुलगा-सून कामावर गेलेत."

बाईंनी उभ्याउभ्याच फॉर्म काढला. आजोबांना शुगर होती, पायाला जखम होती.

"दवाखान्यात कधी गेला होतात, बाबा?"

"कसा जाणार, ताई? मी कुठे भरकटू नये म्हणून कुलूप लावून जातात."

मुलगा येईपर्यंत बाई जिन्यातच बसल्या. दवाखान्याचा दिवस त्याच्याकडून कबूल करून घेतला, तेव्हाच उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या माझ्या टेबलाशी उभ्या. "सर, बाकीच्यांनी 'घर बंद' लिहिलेले फॉर्म काढा. आज तिथून सुरुवात करू."

मी गठ्ठा काढला. चांगला जाड होता, आणि प्रत्येक फॉर्मवर माझी सही होती.