कोऱ्या नळीतला भात

वडील गेले तेव्हा मला रडू आलं नाही. सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, "पोरीला रडू द्या, आत साचून राहील." एका मावशीनं तर मला पोटाशी धरलं आणि स्वतःच रडून घेतलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दशक्रिया, गंधमुक्ती सगळं आटोपलं आणि मी प्रयोगशाळेत कामावर गेले.

वडील पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते. त्या दिवशी सकाळची पाळी करून घरी आले, पाणी मागितलं, छातीत कळ येतेय म्हणाले. रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. पाण्याचा पेला मी मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला.

माझं काम काय, हे गल्लीत कुणाला नीट सांगता येत नाही. झाड जमिनीतून पाणी ओढतं तेव्हा त्यात विरघळलेली वाळूही थोडी ओढतं. ती पानात, तुसात जाऊन बसते आणि तिची बारीक काच होते. गवताच्या पात्यानं बोट कापतं ते त्या काचेमुळे. झाड कुजलं, जळलं तरी काच मातीत राहते आणि पिकागणिक तिचा आकार वेगळा असतो. जुन्या वस्तीची माती आम्ही आम्लात धुतो, तिच्यातली काच वेगळी काढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. हजारो वर्षांपूर्वीच्या चुलीपाशी कोणतं धान्य होतं, ते त्यावरून कळतं.

तेव्हा आमच्याकडे तापीकाठच्या एका पांढरीची, म्हणजे जुन्या गावाच्या टेकाडाची माती आली होती, खानदेशातली. आमचे सर सुरतचेच, गुजराती. त्या मातीत भात सापडावा अशी त्यांची फार इच्छा होती. तिथं इतक्या जुन्या थरांत भात कुणाला मिळालेला नव्हता.

आमच्या खोलीत उपकरणांसाठी एसी कायम चालू असतो, बाहेर कितीही उकडत असलं तरी. माझी शाल गंधमुक्तीच्या गडबडीत कुणीतरी नेली होती. खुंटीला वडिलांचं स्वेटर होतं, थंडीत पहाटे स्कूटरवर मिलमध्ये जाताना घालायचे ते. मी तेच घालून जायला लागले. मनात काही आलं म्हणून नाही. हाताशी होतं, एवढंच.

माती धुवायचं काम चांगलं झालं. पहिल्याच काचपट्टीवर भाताच्या तुसाची काच दिसली. दोन शिंगं वर काढल्यासारखी तिची टोकं असतात, चुकायला वाव नाही. मी सरांना हाक मारली. ते किती तरी वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभे होते.

"बेन, आ तो डांगर ज छे!" ते म्हणाले. हा तर भातच! संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसाठी लोचो मागवला. मीही खाल्ला. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, म्हणून मीही हसले.

पुढच्या थरातही भात निघाला, त्याच्या खालच्या थरातही. मग कोऱ्या नळीची पाळी आली. प्रत्येक वेळी आम्ही एक नळी मातीशिवाय चालवतो. तीच आम्लं, तेच पाणी, माती मात्र नाही. तिच्यात काही निघता कामा नये. तिच्यातही भात होता.

मी पाणी तपासलं, आम्लाच्या बाटल्या तपासल्या. त्यांत काही नव्हतं. टेबल पुसताना बाहीजवळ काळा ठिपका दिसला. स्वच्छ काचपट्टी घेतली आणि तिच्यावर स्वेटरची कड झटकली.

सूक्ष्मदर्शकाखाली भाताच्या काचांची नुसती गर्दी होती. वडिलांच्या बॉयलरमध्ये भाताचं तूस जाळायचे. लहानपणापासून बघत आले होते. वडील घरी आले की दाराबाहेर कपड्यांवरची राख झटकायचे, त्याशिवाय आई आत येऊ द्यायची नाही. मी ते बराच वेळ बघत बसले. आता काहीतरी होईल असं वाटलं. काही झालं नाही. मी उठले आणि सरांकडे गेले.

"सर, तो भात आजचा आहे. माझ्या स्वेटरमधला."

"सगळ्या नळ्यांत?"

"सगळ्या."

ते खुर्चीत मागे टेकले. "स्वेटर कोनुं छे?"

"वडिलांचं."

ते पुढे झाले. मग म्हणाले, "थोडे दिवस रजा घे, बेटा."

"नको. माती शिल्लक आहे. पुन्हा धुते."

उत्खनन करणाऱ्यांना त्यांनी आनंदाची बातमी आधीच कळवली होती. माझ्यासमोरच त्यांनी पुन्हा फोन लावला. "आमच्याकडून चूक झाली, भात नाही," एवढंच म्हणाले. स्वेटरचं नाव काढलं नाही.

स्वेटर मी पिशवीत घालून घरी नेलं आणि आईला सगळं सांगितलं. तिनं ते बादलीत भिजवलं. पाणी काळं झालं. ती मोरीत बसून रडत होती, आणि मी दुसरी बादली भरून तिच्याजवळ सरकवत होते. पीळ घालताना एक टोक तिनं धरलं, एक मी.

माती पुन्हा धुतली. नवा कोट, नव्या नळ्या. कोरी नळी कोरी निघाली आणि बाकीच्यांत भात नव्हता. राळ्याच्या तुसाची काच होती, लाटांसारख्या कडा एकमेकींत अडकलेली, भरपूर. थोडा जव होता. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "राळा तर राळा." अहवाल मी लिहिला, त्यांनी सही केली.

त्या दिवशी घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. "मंग ते लोके काय खात व्हतात?" तिनं विचारलं.

"राळा. थोडा जव."

"भाकरी करून का शिजाडीसन?"

"ते कळत नाही. काच फक्त धान्य सांगते."

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, लहानपणी तिच्या आजोळी राळा असायचा, ताकात शिजवलेला. तिला तो मुळीच आवडायचा नाही. ताट बाजूला सरकवलं की तिची आजी पाठीत धपाटा घालायची. हे तिनं मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

"जेवी ले पहिले," ती म्हणाली.

कळण्याची भाकरी होती, वर तेल आणि ठेचा. वडील गेल्यापासून आई मला वाढायची आणि स्वतः नंतर कधीतरी खायची. त्या दिवशी ती आपलंही ताट घेऊन माझ्यासमोर बसली. आम्ही दोघी जेवलो. मी अर्धी भाकरी आणखी मागून घेतली.