चेहरा चालतो, वय नाही

आमच्या मंडळाच्या चिटणीसांनी माईकवरून ठराव वाचला, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत दातओठ खात बसले होते. चेन्नईतल्या आम्हा मराठी माणसांची ती सभा नुंगंबाक्कमच्या एका छोट्या सभागृहात भरली होती. ठराव असा, की लहान मुलांना समाजमाध्यमांवर येऊच देऊ नये, त्यासाठी कडक कायदा व्हावा, वयाची खात्री पटल्याशिवाय कुणाला खातं मिळू नये, आणि आपल्या मंडळाचा याला जाहीर पाठिंबा आहे. टाळ्या पडल्या. शेजारी माझी आठवीतली लेक मान खाली घालून बसली होती. याच चिटणीसांनी तिचं काय केलं होतं, ते टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आपापल्या फोनवर पाहिलेलं होतं.

झालं होतं असं, की गणपतीतल्या कार्यक्रमात मुलांनी आपल्या सहलीविषयी मराठीतून बोलायचं होतं. लेक जन्मापासून इथलीच. घरात मराठी, पण शाळा, मैत्री, भांडणं सगळी तमिळमध्ये. चेन्नईजवळच्या कोवलमला पहाटे होड्या किनाऱ्याला कशा लागतात ते ती सांगत होती, आणि छान सांगत होती. मग गोष्टीत मासळीवाली आली. वंजिरमचा, म्हणजे आपल्या सुरमईचा, भाव करताना दोघी तमिळच बोलल्या होत्या, म्हणून लेकीनं तो प्रसंग कमरेवर हात ठेवून सरळ तमिळमध्येच करून दाखवला. सभागृह हसलं. ती आणखी रंगली. आणि मग तिला मराठीत परत यायला जमेना. तोंडातून शब्द फुटेना, डोळे भरले, आणि ती माईक सोडून खाली उतरली. मी तिला जवळ घेतलं, गरम वडा खायला दिला. मुलं अडखळतातच, माझ्या लेखी विषय तिथं संपला होता.

दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमाच्या अ‍ॅपवर, मंडळाच्या पानावर, तिचा व्हिडिओ आला. कोवलम आणि होड्या कापून टाकल्या होत्या. उरला होता तो कमरेवरचा हात, तमिळ आणि भरलेले डोळे. वर ओळ होती, ‘मराठीचं मद्रास होतं ते असं!’ आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. बघता बघता तो व्हिडिओ पार महाराष्ट्रात पोचला. आईबापांना लाज कशी वाटत नाही, असं अनोळखी लोक खाली विचारू लागले. वर्गातल्या मुलींनी आपल्या आयांच्या फोनवर पाहिला, त्यातलं तमिळ त्यांना चांगलंच कळलं, आणि मधल्या सुट्टीत कमरेवर हात ठेवून रडायचा नवा खेळ सुरू झाला. लेक डबा न खाता परत आणू लागली.

आमच्या मंडळात तंजावरकडच्या जुन्या मराठी घरांतली माणसंही येतात. त्यांच्या मराठीत वाक्यागणिक तमिळ असतं, आणि ते ऐकायला मला फार आवडतं. त्यांना हसायची कुणाची छाती नाही, कारण ती पिकल्या केसांची माणसं. हसायला सापडली ती माझी पोर.

मी चिटणीसांना फोन करून व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. वहिनी, कौतुकानं टाकलाय, आपल्या मंडळाचं नाव झालंय, मुलांना जरा खिलाडू व्हायला शिकवा, असं ते म्हणाले. खुद्द त्यांच्या नातवाचा चेहरा मात्र त्याच कार्यक्रमाच्या फोटोत एका फुलाच्या चित्रानं झाकलेला होता. सुनेला आवडत नाही म्हणे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

मग मी अ‍ॅपकडेच तक्रार केली. उत्तर आलं, की यात कोणताही नियम मोडलेला नाही. व्हिडिओतल्या व्यक्तीची हरकत असेल तर तिनं स्वतःच्या खात्यावरून कळवावं. लेकीनं मुकाट्यानं खातं उघडलं आणि तक्रार लिहिली. मग अ‍ॅपनं तिला चेहरा दाखवायला सांगितलं. ती केस नीट बांधून कॅमेऱ्यासमोर बसली, सांगितल्याप्रमाणे डावीकडे वळली, उजवीकडे वळली. लगेच निकाल आला, वय कमी आहे, खातं बंद. खात्याबरोबर तक्रारही गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही लहान मुलगी आहे, हे त्या यंत्राला तिच्या चेहऱ्यावरून क्षणात कळलं. मग तोच चेहरा व्हिडिओत रडत होता, तेव्हा ते डोळे मिटून बसलं होतं का? मुलांना या बाजारापासून दूर ठेवावं, असं मलाही वाटतं. पण मुलांना बाजारात मांडणाऱ्या मोठ्यांना कोण अडवणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

म्हणून त्या सभेत चिटणीसांनी ‘कुणाला काही बोलायचंय का?’ असं विचारल्यावर मी उठणारच होते. माझ्याआधी लेक उठली.

“काका, मी लहान आहे म्हणून मला आत येऊ देत नाहीत, सरी, चालेल मला,” ती म्हणाली; ‘बरं’साठी तमिळ ‘सरी’ तोंडात आलंच. “पण मग मी आत आहेच कशी? तुम्ही मला आत टाकलंय. मला बाहेर काढा.”

चिटणीसांना गहिवरून आलं. किती सुरेख मराठी बोललीस, असं म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर धरला. “पुन्हा एकदा म्हण हं बाळा, नीट घेतो.”

मी जाऊन त्यांच्या कॅमेऱ्यावर तळहात ठेवला. म्हटलं, आधी जुना व्हिडिओ काढून टाका, आत्ता, माझ्यासमोर, मग तुमचा ठराव. आई म्हणून मी जरा अतीच करतेय, असं पुटपुटत त्यांनी तो काढून टाकला. मग ठराव एकमतानं मंजूर झाला.

तांबरमची गाडी पकडायला आम्ही स्टेशनकडे निघालो. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. लेक म्हणाली, की मंडळाचा एक गेला, पण ज्यांनी तो उतरवून स्वतःच्या पानावर लावलाय, त्यांचे तसेच आहेत. मग थोडं चालून ती म्हणाली, “असू दे, आई. मोठी झाले की त्यांची तक्रार मीच करीन. तेव्हा घेतील ना माझी?”