बाईंनी रिपोट दिली

घाटंजीला ज्या बाईंच्या घरी मी भाड्यानं राहत होतो, त्यांनी ज्याच्याबद्दल तक्रार केली नाही असा एकही सजीव त्या तालुक्यात उरला नव्हता; आणि निर्जीवांपैकी जे तक्रारीस पात्र ठरले ते बहुतेक सरकारी होते. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, अंगानं किरकोळ, आवाजानं मात्र वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणाऱ्या. दूधवाल्याला त्या दूध पातळ आहे हे सांगायच्याच, पण म्हैस बांधतोस तिथं सावली नाही हेही सुनवायच्या. लग्नाच्या मांडवातला लाउडस्पीकर बंद करायला त्या अशा निघायच्या की नवरदेवाकडची माणसं त्यांना आहेर घेऊन आलेल्या समजून सामोरी जायची. मी खोलीत कॅलेंडर लावायला खिळा ठोकला तेव्हा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, भिंतीले इच्यारलं होतं काय तुमी?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. खिळा निघाला आणि कॅलेंडर वर्षभर टेबलावर आडवं पडून राहिलं.

या तक्रारींना एक शिस्त होती. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या तोंडावर आधी बोलायचं, मग वर जायचं. "पाठीमागं बोलनं मले जमत नाही, गळ्यात अटकते," असं त्या म्हणत. त्यांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली आणि परत येतानाच मुलीला शिकवायचं ठरवून टाकलं, असं त्या अभिमानानं सांगायच्या. हात जोडून मागू नको, उभं राहून सांग, एवढीच इस्टेट वडिलांनी मागे ठेवली होती. बाईंनी ती अशी काही वाढवली की तलाठी त्यांना लांबून पाहिलं तर चहाच्या टपरीत शिरायचा. पण त्याच तलाठ्याच्या आईला पाठीला फोड झाले तेव्हा रोज सकाळी जाऊन मलमपट्टी करणाऱ्याही बाईच. पट्टी करता करता तलाठ्याची तक्रार त्याच्या आईकडे करायच्या, हा भाग वेगळा.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. बाजाराच्या दिवशीसुद्धा दुकानदार हातावर हात ठेवून बसलेले दिसायचे. हंगामात खरेदी केंद्राच्या बाहेर कापसाच्या बंड्यांची रांग रस्त्याच्या कडेनं दूरवर गेलेली असायची. बैल सोडून माणसं बंडीखालीच झोपायची, तिथंच भाकर खायची. आणि त्या रांगेला घासून काळ्या-पिवळ्या जीपगाड्या यवतमाळच्या फेऱ्या मारायच्या. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या शिडीला लटकलेली माणसं. त्यांतल्या सगळ्यांत वेगवान गाडीचा ड्रायव्हर आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. त्याला सगळे पायलट म्हणत. वावरात काही उरलं नाही म्हणून तो गाडीवर आलेला, आणि गाडी अशी चालवायचा जणू वावर मागून धावत येत आहे. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, एक हात स्टेअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर.

एकदा शाळेच्या कामासाठी मला यवतमाळला जायचं होतं, बाईंना डोळे तपासायचे होते. आम्ही पायलटच्या गाडीत बसलो. गावाबाहेर पडेपर्यंत बाईंनी त्याला सगळं सांगून टाकलं: खर्रा थुंक, दोन्ही हात लाव, मागे लटकलेल्यांना उतरव. तो आरशात बघून हसला. "बाई, इतकं भेव लागते तर एसटीनं काहून नाही गेल्या?"

"भेव नाही लागत रे. म्या जितका कापूस जखमाईले लावला ना, तितका गावच्या जिनिंगात नसन. म्हनून सांगून राह्यली."

गाडीतली माणसं हसली. पुढे बंड्यांची रांग लागली. पायलटनं समोरच्या बसला ओलांडायला गाडी बाहेर काढली आणि तेवढ्यात समोरून ट्रक आला. त्यानं ब्रेक मारला, गाडी आत घेतली, आणि रांगेच्या शेवटच्या बंडीला मागून असा धक्का बसला की ती नालीत कलंडली. कापूस रस्त्यावर पसरला. बैल जुवातून सुटून वावरात पळाले. बंडीवाला म्हातारा तिच्याखाली आला होता. पायलटनं क्षणभर गाडी हळू केली आणि मग पळवली.

बाई जे ओरडल्या ते मी इथं लिहू शकत नाही. दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी वापरायचे शब्द होते ते. गाडी थांबेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. उतरल्या आणि भर उन्हात मागे चालू लागल्या. मीही उतरलो, कारण माझ्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "सर, या."

म्हाताऱ्याचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. बाईंनी स्वतःची छत्री पायाच्या बाजूला लावली, माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला, म्हाताऱ्याचं धोतर फाडलं आणि पाय घट्ट बांधला. म्हातारा पायाकडे बघतही नव्हता. "कापूस गोया करा ना कोनी, माती लागून राह्यली," एवढंच म्हणत होता. रांगेतली माणसं कापूस वेचायला लागली. त्याला एका ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात पाठवलं, आणि बाई जवळच्या ठाण्याकडे वळल्या.

तिथला जमादार भला माणूस होता, पण दुपारचं जेवण झालेलं. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "बाई, कोनी मेलं काय?"

"नाही."

"मंग कायले रिपोट देता? समजावतो मी त्याले."

बाई खुर्चीवर बसल्या. "मेल्यावर येऊ काय मंग? मेल्यावर तर लय लोक येतेत तुमच्याकडं. आज मी आली. लिहा."

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यानं लिहायला घेतलं.

पायलटची गाडी ठाण्यात जाऊन उभी राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर बाईंसाठी जागा संपली. जीप रिकामी असायची, तरी ड्रायव्हर म्हणायचा, "बाई, सीटा भरल्या." "कोन बसलं हाय?" बाई विचारायच्या. "येऊन राह्यले." बाई त्यावरही तक्रार करायच्या, एसटीची वाट बघत बाकावर बसायच्या, आणि एसटी आली की कंडक्टरला ती उशिरा आल्याबद्दल बोलायच्या. गल्लीतल्या काही घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. घरी आल्यावर त्या नेहमीपेक्षा जोरात भांडी घासायच्या, यावरून मला कळायचं.

मग एका दुपारी पायलटची बायको आली. पोट पुढे आलेलं, चालून दमलेली. ओट्यावर उभी राहून पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, रिपोट मांगं घ्या ना. घरात बसून राह्यते तो. कोनाशी बोलत नाही."

"रिपोट मांगं नाही घेत," बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "पाय कवापासून सुजले तुये?"

"झाले आठ-पंधरा दिस."

"डोकं दुखते? डोयापुढं अंधारी येते?" बाई उठल्याच होत्या. तिला आत नेऊन आडवी केली, नाडी पाहिली, पोटाला हात लावला, आणि तिचं मीठ बंद केलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या पायलटच्या घरी जाऊ लागल्या. त्या पुढच्या दारानं आत आल्या की पायलट मागच्या दारानं बाहेर पडायचा.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. गावातल्या डॉक्टरांनी यवतमाळला न्या म्हणून सांगितलं. पायलटची बायको हटून बसली की नर्सबाई सोबत असतील तरच मी गाडीत बसते. तेव्हा ज्या स्टँडवर बाईंना जागा नव्हती तिथली एक अख्खी जीप रिकामी होऊन आमच्या दारात आली. सकाळची शाळा सुटून मी नुकताच आलो होतो; मलाही "सर, या" झालं. चालवायला दुसराच ड्रायव्हर होता. पायलट मागच्या सीटवर बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

बाई आज रस्त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हत्या. त्यांचं सगळं लक्ष त्या पोरीच्या चेहऱ्यावर होतं. पण गाडीनं जरा वेग घेतला आणि मागून आवाज आला, "अबे, खड्डा हाय, दिसत नाही काय? हळू घे ना!" पुन्हा थोड्या वेळानं, "बसले कायले ओलांडतो बे! जाऊ दे तिले!" आणि बंड्यांची रांग लागली तेव्हा पायलट जवळजवळ रडत म्हणाला, "भाऊ, बंड्यापासून दूर ठेव. पाया पडतो तुह्या." ड्रायव्हर आरशात बघत राहिला. बाईंनी फक्त एकदा मान वळवून पायलटकडे पाहिलं, आणि पुन्हा पोरीची नाडी हातात घेतली. यवतमाळच्या दवाखान्यात मुलगी झाली. आई थोडक्यात वाचली.

तरीही रिपोट मागे घेतली गेली नाही. पुढे खटला उभा राहिला तेव्हा बाई इस्त्रीचं पातळ नेसून साक्षीला गेल्या. बंडी रस्त्याच्या कडेलाच होती, गाडी भरधाव होती, धक्का मारून ती थांबली नाही, सगळं सांगितलं. मग न्यायाधीश साहेबांनी जा म्हटल्यावरही पिंजऱ्यात उभ्याच. "अजून हाय साहेब. ट्रक समोरून लय जोरात आला होता. यानं ब्रेक मारला होता. उशिरा मारला, पन मारला. आत नसती घेतली तर आमी सारे मेलो असतो. हेबी लिहा." पायलटला दंड झाला, काही महिने लायसन गेलं; तुरुंग टळला. तेवढे महिने तो जिनिंग कारखान्यात कापसाच्या गठाणी उचलायला जायचा. बाई त्याच्या लेकीला तेल लावून आंघोळ घालायच्या. त्या दोघांत मात्र एक शब्दही झाला नाही. तो रागानं गप्प होता की लाजेनं, ते मला कधी कळलं नाही. बाईंनाही कळलं नसावं.

मग बाईंचे डोळे फारच गेले. मुकुटबनच्या धाकट्या बहिणीनं त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं. सामान बांधून झालं, आणि गाडी कुणाची सांगायची यावर मी विचार करत असतानाच दाराशी काळी-पिवळी येऊन उभी राहिली. पायलट उतरला, कुणाला काही न विचारता ट्रंक टपावर चढवली, दोर आवळला. बाईंनी हातानं चाचपून गाडीचं दार शोधलं तेव्हा त्यानं त्यांचा हात धरून दांडीवर ठेवला. मी सोबत निघालो.

घाटंजी सुटलं, पांढरकवडा मागे पडला. गाडी इतकी सावकाश चालली होती की सायकलवाले मागे वळून बघत होते. बराच वेळ बाई सरळ बसून होत्या, मग त्यांची मान हळूहळू खिडकीकडे कलली.

"झोपल्या काय हो?" पायलटनं पुढून हलक्या आवाजात मला विचारलं.

"झोपल्या."

त्यानं हात पुढे करून टेप बंद केला. मुकुटबनला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बहिणीच्या घरासमोर लिंबाच्या सावलीत त्यानं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. बाई जाग्या झाल्या नाहीत; मंद घोरत होत्या.

"उठवा ना सर," तो म्हणाला.

"तुम्हीच उठवा."

तो सीटवर वळून बाईंकडे बघत राहिला; उठवायचं तर रिपोटीनंतरचा पहिला शब्द त्यालाच बोलावा लागणार होता. मग पुन्हा समोर वळला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि आम्ही दोघं तिथं तसेच बसून राहिलो.