तेलात मुरलेलं चामडं

तेलात मुरलेल्या चामड्याचा वास आला की आमची जुनी व्हॅन आठवते. बहिणीच्या लग्नाला धुळ्याला निघायच्या आदल्या दिवशी व्हॅनच्या गिअरच्या दांड्यातला बुश, म्हणजे आतली छोटी नळी, फुटला आणि गिअरच पडेना. आमच्या पर्वत पाटिया भागातल्या पार्टच्या दुकानदाराने हात झटकले, "ए पार्ट हवे नथी आवतो, काका." म्हणजे हा पार्ट आता येतच नाही. कापडाच्या लूमवर फिटर असलेले वडील कारखान्यात गेले, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याला टोला देणारा, तेलात मुरलेला चामड्याचा जुना ठोकळा घेऊन आले आणि कानशीने घासून त्यांनी त्याचाच बुश केला. आईने विचारलं, "टिकेल का हो?" ते म्हणाले, "वर्षभर धोट्याचा मार खाल्लाय याने, गिअरचं काय घेऊन बसलीस!" व्हॅन भंगारात गेली तेव्हाही तो बुश शाबूत होता. आता माझंही गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे, पण गिऱ्हाइकाला 'मिळत नाही' म्हणताना जीभ अडखळते.