टेबलावर राहिलेला नट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आलो. त्यामुळे हे लिहिताना भीती नाही वाटत, लाज वाटते... पण एकदा सांगून टाकतो.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार. मालवणात, बंदरापासून जवळच आमचं घर. पुढच्या पडवीत माझं छोटंसं वर्कशॉप. लाँचच्या इंजिनाला डिझेल नेणारे तांब्याचे बारीक पाइप मी करून द्यायचो. पाइपाचं तोंड फ्लेअर करायचं, म्हणजे कर्ण्यासारखं फुलवायचं. मग नट आवळला की ते घट्ट बसतं. मात्र नट आधी ओवावा लागतो, फुललेल्या तोंडावरून तो जात नाही. ही चूक प्रत्येक फिटर कधी ना कधी करतो आणि कुणाला सांगत नाही.

आदल्या वर्षी माझा पाइप गळला होता. ताईच्या नवऱ्याची – भावोजींची – लाँच समुद्रात बंद पडली, दुसऱ्या लाँचने दोर बांधून ओढत आणली. सगळा किनारा बघत होता. तरीही नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी भावोजी पुन्हा माझ्याच पडवीत आले.

"औंदाय पाइप तूच कर. फाल्या पुनवेक पयली फेरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईनेच भरीला घातलं असणार.

घराजागेची राखण करणाऱ्या देवाला आमच्याकडे राखणदार म्हणतात. आई म्हणाली, "राखणदाराक नारळ ठेव आणि मगे हात लाव."

"आई, पाइपाचा काम आसा, लगीन नाय!" मी खेकसलो.

घाबरलेल्या हातांनी कापाकापी करत दोन तोंडं बिघडवली. शेवटी उरला तो पाइप नेमका पुरेल एवढाच होता, बोटभरही जास्त नाही. घरात दुसरी नळी नव्हती, आणि कणकवलीला जाऊन यायला वेळ नव्हता. एक टोक फुलवलं, दुसरं फुलवलं. दोन्ही इतकी सुबक झाली की मीच खूश. आणि मग टेबलाकडे लक्ष गेलं... ओवायचा दुसरा नट तिथेच होता.

रागाने मी त्या नटावर हातोडा हाणला. त्याचा एक कोपरा चेपला. आता भावोजींना काय सांगायचं, ताईला तोंड कसं दाखवायचं? डोळ्यांत पाणी आलं.

"पेज निवली मरे!" आईने हाक मारली. चार घास कसेबसे गिळून मी पडवीत परतलो.

टेबल रिकामं होतं. दोन्ही नट पाइपात होते. दोन्ही तोंडं माझीच – पाइप धरणाऱ्या व्हाइसचा ओरखडासुद्धा तोच. आणि एका नटाचा कोपरा चेपलेला.

"आई, कोण इलेला काय?"

"कोण येतला? तुझ्यासमोरच तर बसलेलंय."

"मगे नारळ... तू ठेवलंस?"

"तू वराडलंस ना? नारळ थंयच आसा, फळीर."

म्हणजे राखणदाराकडे कुणी काही मागितलंच नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी भावोजी आले. मी सगळं खरं खरं सांगितलं. ते पोट धरून हसले. "खंयसून आणतंस रे असल्यो गजाली? काम बरा झाला म्हणान सांग ना!"

पाइप वर्षानुवर्षं टिकला. थेंबभर गळला नाही. त्याच्यामुळे बंदरावर माझं नाव झालं, कामं वाढली. विचारेल त्याला मी खरं सांगितलं, आणि दर वेळी लोकांनी तो माझा विनय समजला. पुढे पुढे सांगणंच सोडून दिलं.

ती लाँच कधीच मोडीत गेली. पाइप मात्र भावोजींनी खुंटीला लावून ठेवलाय. परवा गेलो तर नातवाला दाखवत होते. चेपलेला नट या टोकाकडून त्या टोकाकडे सरकवत म्हणाले, "बघ, ह्या आजोबान केल्लो. असो हात मालवणात कोणाचो नाय."

पोराने माझ्याकडे वर बघितलं. मी चपला शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो.